कोकणातल्या माळ्यावरून भयपटाचं जुनं पोस्टर अखंड कसं काढावं

भयपटांची जुनी पोस्टर्स शोधायला कोकणात येणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा क्रमात होते. कागद सापडला की आधी उघडायचा, मग मोबाइलवर फोटो काढायचा, मग भाव विचारायचा, आणि तो खरा की नकली, ओला की सुका, त्यात कसर (कागद खाणारी कीड) आहे का, हे सगळं घरी पोचल्यावर बघायचं. चाळीस वर्षं घडीत पडलेला कागद असा घाईने उघडला की पहिल्याच घडीवर तुटतो. न तपासता आणलेला कागद कपाटातल्या बाकीच्या कागदांना कीड लावतो. खालचा क्रम म्हणूनच पाळायचा आहे. यातल्या एकदोन पायऱ्या कंटाळवाण्या आहेत, पण नुकसान नेमकं त्याच गाळल्यावर होतं.

१. घरातून निघण्याआधी यादी

‘जुनं भुताचं पोस्टर’ एवढंच डोक्यात ठेवून निघू नका. वहीत प्रत्येक चित्रपटासाठी चार रकाने करा: नाव, प्रदर्शनाचं वर्ष, मुख्य कलाकार, निर्मिती संस्था. चारही भरल्याशिवाय ते नाव यादीत धरू नका. हिंदीत एकाच नावाचे चित्रपट पुन्हा पुन्हा आले आहेत. ‘महल’ १९४९ मध्ये आला आणि त्याच नावाचा दुसरा १९६९ मध्ये. ‘बीस साल बाद’ १९६२ चा आहे आणि १९८८ चाही. ‘दरवाज़ा’ १९७८ चा, ‘बंद दरवाज़ा’ १९९० चा. नुसतं नाव वाचून आधीच्या चित्रपटाचा भाव देणारे बरेच असतात. कलाकारांची नावं पाठ असली तर जागच्या जागी कळतं.

मापंही याच यादीत लिहा. आपल्याकडे सिंगल शीट, म्हणजे एका तावाचं पोस्टर, साधारण ३० × ४० इंचांचं असतं. टू शीट साधारण ४० × ६० इंचांचं. सिक्स शीट त्याहून बरंच मोठं, तुकड्यांत छापून भिंतीवर जोडून चिकटवायचं. याशिवाय शोकार्ड (थिएटरात मांडायची पुठ्ठ्यावरची जाहिरात), थिएटरच्या काचेमागे लावायचे फोटो-सेट, गाण्यांच्या चोपड्या आणि हँडबिलं. कोकणात सिक्स शीट पूर्ण मिळेल अशी आशा धरू नका. ती भिंतीवरच संपली. सिंगल शीट, चोपडी आणि हँडबिल यांवर भर द्या. हँडबिलाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण गावचं नाव, थिएटरचं नाव आणि खेळाच्या वेळा त्याच कागदावर असतात.

२. पिशवीत काय हवं

- दहापट दाखवणारं भिंग (घड्याळजी वापरतात तसलं)
- पोलादी टेप
- साधी टॉर्च आणि नोटा तपासायची जांभळी टॉर्च
- दीड इंची मऊ ब्रश, कोरडा
- गुळगुळीत घासलेली बांबूची पातळ पट्टी, कडा उचलायला
- बटर पेपरचे दहा-बारा ताव
- १२ × १७ इंचांचे जाड पुठ्ठे, चार
- मोठ्या झिप पिशव्या
- आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर
- मऊ पेन्सिल, वही, एन-९५ मास्क

पुठ्ठ्याचं माप असंच ठरवलेलं नाही. ३० × ४० चा कागद तीनदा दुमडला की १० × १५ इंचांची घडी होते. बहुतेक सिंगल शीट याच घडीत सापडतात. भोवती इंचभर जागा सुटली की कोपरे मार खात नाहीत.

> घेऊ नका: सेलोटेप, रबरबँड, स्टेपलर, ओले टिश्यू, बॉलपेन. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन शाईत उतरतो आणि मग निघत नाही.

३. कधी जायचं

जून ते सप्टेंबर कागदाला हात लावू नये. हवेतली आर्द्रता ऐंशीच्या वर असते, माळ्यावरचा कागद लगदा झाल्यासारखा मऊ पडलेला असतो आणि घड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. गणपतीला चाकरमानी येतात आणि घरं उघडी असतात, म्हणून पुष्कळ जण तेव्हाच जातात. त्या दिवसांत ओळखी करा, माळ्यावर काय आहे ते विचारून ठेवा. कागद मात्र तेव्हा खाली काढू नका.

खरा हंगाम मार्च ते मेचा मध्य. पावसाआधी कौलं परततात, तेव्हा माळा रिकामा होतो आणि वर्षानुवर्षं न हललेल्या ट्रंका अंगणात येतात. नको असलेला कागद त्याच दिवशी न्हाणीघराच्या चुलीत जातो. ज्या घराची शाकारणी ठरली असेल तिथे आदल्या दिवशी पोचलात तर उपयोग. शिमग्याच्या आधीचा आठवडाही धरा, कारण होळीत सुक्या लाकडांबरोबर जुना कागदही पडतो.

दुसरा चांगला काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी असते. मात्र कोरड्या हवेत जुना कागद ताठ आणि ठिसूळ होतो, तेव्हा सहाव्या टप्प्यातली काळजी दुप्पट घ्या.

४. कुठे शोधायचं

भयपटांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवायची. देवादिकांच्या किंवा लाडक्या नायकाच्या चित्राचा कागद लोकांनी भिंतीवर लावला, तसबिरीत घातला. उघड्या कबरीतून बाहेर आलेला हात कोणी ओटीवर लावत नाही. असा कागद टिकलाच असेल तर चित्र खाली आणि कोरी बाजू वर अशा स्थितीत टिकला आहे. म्हणून चित्र शोधत फिरू नका. मोठा, जाडसर, एका बाजूने कोरा कागद शोधा आणि तो उलटून बघा.

हे कागद ज्या जागी मिळू शकतात त्या जागा अशा:

*ट्रंकेचा तळ.* मुंबईहून आलेल्या पत्र्याच्या ट्रंकांत गंज कपड्यांना लागू नये म्हणून खाली कागद अंथरत. ट्रंक रिकामी करताना तळाचा कागद बघितल्याशिवाय झाकण लावू देऊ नका.

*फडताळाचे खण.* डब्यांखालचा कागद. यावर तेलाचे गोल डाग असतात. डाग आहेत म्हणून सोडू नका.

*तसबिरींची मागची बाजू.* फ्रेमवाल्याने काच आणि लाकडी पाट यांच्यामध्ये भर म्हणून घातलेला कागद. जुन्या फ्रेमवाल्याच्या दुकानातल्या कागदी कातरणांच्या गठ्ठ्यातही बघा.

*हिशेबाच्या वह्या.* कोऱ्या बाजूवर दुधाचा, मजुरीचा, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब लिहिलेला असतो, किंवा वहीला कव्हर घातलेलं असतं.

*गणपतीच्या मखराचं सामान.* जुन्या मखराच्या पुठ्ठ्यांना मागून चिकटवलेले ताव.

*बंद पडलेली थिएटरं.* तालुक्याच्या गावातली एकपडदा थिएटरं बंद झाली तेव्हा खुर्च्या आणि प्रोजेक्टर विकले गेले, पण तिकीट खिडकीमागची खोली आणि ऑपरेटरच्या केबिनचा पोटमाळा कोणी पाहिला नाही, असं पुष्कळ ठिकाणी असतं. मालकापेक्षा तिथल्या डोअरकीपरला आणि पोस्टर चिकटवणाऱ्याला आधी भेटा. खळीची बादली घेऊन सायकलवर फिरणाऱ्या माणसाला कुठला गठ्ठा उरला आणि तो कुठे पडला हे पाठ असतं. जत्रेत तंबूत सिनेमा दाखवणाऱ्यांबरोबर काम केलेली माणसंही अशीच शोधायची.

*भंगारवाला.* रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, सावंतवाडी, कुठेही जा, रद्दीच्या गोदामात पोस्टर वर्तमानपत्रात मिसळलेलं असतं. भंगारवाल्याला मोबाइलवर पोस्टरचं चित्र दाखवू नका. कागदाची जाडी आणि घडी दाखवा. तो मजकूर बघत नाही, कागद हाताने ओळखतो.

> वेळ वाचवा: २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि महाडच्या बाजारपेठांत पाणी शिरलं. तिथे तळमजल्यावरचं काही उरलं असेल ही अपेक्षा नको, फक्त वरच्या मजल्याची चौकशी करा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, दापोली या भागात छपरं उडाली. त्या पट्ट्यात उलटं, माळ्यापेक्षा खालच्या खोलीतल्या ट्रंका आधी बघा.

मुंबईत मटण स्ट्रीटच्या चोरबाजारात पोस्टरची दुकानं आहेत. मात्र तिथे नक्कलही त्याच ढिगात असते. सातवा टप्पा तोंडपाठ झाल्यावर जा.

५. विचारायचं कसं आणि कोणाला

‘विंटेज पोस्टर आहे का’ असं विचारलं की उत्तर नाही असंच येतं. सिंधुदुर्गात सरळ विचारा, ‘काकी, माळ्यार जुने पिच्चरचे कागद आसत काय?’ रत्नागिरीकडे ‘आजी, ट्रंकेत खाली घातलेले सिनेमाचे कागद असतील का हो?’ भूत, भयपट हा शब्द पहिल्या वाक्यात नको. तो ऐकून काही घरांत विषयच बंद होतो. आणि ‘किती देऊ’ हेही पहिल्या वाक्यात नको. पैशाचं नाव निघालं की कागदाची किंमत मुंबईच्या पुतण्याला फोनवर विचारली जाते आणि मग तो कागद दहा वर्षं तसाच पडून राहतो.

याहून महत्त्वाचं, घर कोणाचं आहे. कोकणातली बरीच घरं सामाईक आहेत. चार भाऊ मुंबईला, एक गावात, किल्ली तिसऱ्याच्याच घरी. घराची देखभाल करणाऱ्याने ‘घेऊन जा’ म्हटलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. गणपतीत बाकीचे आले की ‘माळ्यावरचं सामान कोणी नेलं’ यावरून भाऊबंदकी पेटते, आणि त्या वाडीत पुन्हा कोणी दार उघडत नाही. गावात राहणाऱ्या वडीलधाऱ्याकडून मुंबईच्या एका तरी भागीदाराला फोन लावून घ्या, त्याच्या तोंडून हो ऐका. मग माळ्यावर चढा.

६. कागद सापडला. आता उघडू नका

सगळ्यात जास्त पोस्टर्स या दहा मिनिटांत फाटतात.

*पहिलं, जागच्या जागी फोटो.* कागद जिथे, जसा पडला आहे तसाच. आजूबाजूच्या सामानासकट.

*दुसरं, वास आणि हात.* मास्क लावा. कुबट वास येतो का, बोटाला गार आणि दमट लागतो का? तसं असेल तर आज उघडायचा नाही. बटर पेपरमध्ये, दोन पुठ्ठ्यांमध्ये, घडी आहे तशी ठेवून सावलीत वाऱ्याला दिवसभर राहू द्या. उन्हात अजिबात नाही. उन्हात वरचा थर आधी सुकून आकसतो, आतला ओलाच राहतो आणि कागद वाकडा होतो.

*तिसरं, कडा बघा.* टॉर्च तिरकी धरून घडीच्या कडांवर फिरवा. पिठासारखी भुकटी आणि वरवर कुरतडल्यासारखे पातळ चट्टे म्हणजे कसर. मातीची वेडीवाकडी नळी म्हणजे वाळवी. काळे-हिरवे केसाळ ठिपके म्हणजे बुरशी. यातलं काहीही दिसलं तर तो कागद तिथेच झिप पिशवीत बंद करा आणि बाकी कागदांपासून वेगळा ठेवा.

*चौथं, कोपऱ्याची परीक्षा.* चित्राबाहेरच्या समासाचा एक कोपरा अगदी थोडा, पाच-सात मिलिमीटर, वर उचला. तो लवचीकपणे वर आला तर पुढे जा. कटकन तुटला तर थांबा. असा कागद कोरड्या हवेत उघडायचा नाही. घडीतच घरी न्या.

*पाचवं, उघडणं.* जमिनीवर स्वच्छ चादर पसरा, वर बटर पेपर. पंखा बंद. दोघं जण हवेत. ज्या क्रमाने दुमडला असेल त्याच्या उलट क्रमाने उघडा, म्हणजे शेवटची घडी आधी. प्रत्येक घडीखाली बांबूची पट्टी सरकवून कागद मोकळा झाला आहे याची खात्री करा, मगच उलटा. जिथे घट्ट चिकटलं असेल तिथे ओढू नका. छपाईची शाई समोरच्या पानावर निघून येते आणि दोन्ही बाजू वाया जातात.

> थांबा: ट्रंकेच्या तळाला किंवा फडताळाला खळीने चिकटवलेलं पोस्टर सोलायचा प्रयत्न करू नका. वाफ, गरम पाणी, इस्त्री यांपैकी काही नाही. ट्रंक किंवा फळी सबंध विकत घ्या आणि कागदसंवर्धनाचं काम करणाऱ्याकडे न्या.

उघडलेला कागद चारही कोपऱ्यांवर छोट्या, गुळगुळीत वजनाने धरा. नदीतले गोटे धुऊन वाळवून घेतलेत तर उत्तम. फोटो वरून, सरळ, फ्लॅशशिवाय.

७. खरं, पुनर्प्रदर्शनाचं की नक्कल

तीन प्रकार वेगळे ओळखायचे. पहिल्या प्रदर्शनाच्या वेळचं पोस्टर, तोच चित्रपट पुढे पुन्हा लागला तेव्हा छापलेलं, आणि अलीकडे विकायला छापलेली नक्कल. दुसरा प्रकार खराच आहे, फक्त किंमत वेगळी. गावातला माणूस पहिला म्हणून दुसरा विकतो तेव्हा तो फसवत नसतो, त्याला फरक माहीत नसतो. तुम्हाला माहीत हवा.

क्रमाने असं तपासा.

*माप.* टेप लावा. १२ × १८, १३ × १९, १८ × २४, २४ × ३६ इंच अशी नेमकी मापं निघाली की संशय घ्या. आजच्या डिजिटल छपाईत ही मापं सर्रास वापरतात. सिंगल शीटच्या मापात अर्धा-पाऊण इंच कमी-जास्त असणं मात्र स्वाभाविक आहे.

*खालचा समास.* तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव आणि पत्ता असतो. भारतात सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याआधी मुंबईचा पत्ता ‘बॉम्बे ४’ असा लिहीत, नंतर ‘बॉम्बे ४०० ००४’. म्हणून १९६२ किंवा १९६४ च्या चित्रपटाच्या पोस्टरवर सहा आकडी पिन असेल तर ते पहिल्या प्रदर्शनाचं नाही. मुंबईचे दूरध्वनी क्रमांक आठ आकडी झाले २००२ मध्ये, तेव्हा जुन्या म्हणून दाखवलेल्या कागदावर आठ आकडे दिसले तर तिथेच विषय संपला. आणि समासच कापलेला असेल तर का कापला हे विचारा. ओळखू येऊ नये म्हणूनही कापतात.

*प्रमाणपत्राची खूण.* ‘यूए’ हा वर्ग १९८३ मध्ये आला. त्याआधीच्या चित्रपटाच्या पोस्टरवर तो छापलेला असेल तर पोस्टर नंतरचं आहे.

*भिंग.* ही तपासणी कधीही गाळू नका. एकसारख्या रंगाचा भाग निवडा, चेहऱ्याचा गाल किंवा आकाश. भिंग डोळ्याला लावून कागद जवळ आणा.

- ठिपके नेमक्या रांगांत, लहान फुलांसारख्या वर्तुळांत दिसले तर ऑफसेट, म्हणजे प्लेटवरून रबरी रोलरमार्गे केलेली छपाई. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या पोस्टरसाठी हे बरोबर आहे. तेव्हा चित्र हाताने रंगवत आणि छपाई ऑफसेटवर होई.
- ठिपक्यांची ओळ नाही, खडूने घासल्यासारखा खरखरीत, अनियमित पोत दिसला तर लिथो, म्हणजे शिळाछाप. १९४९ च्या पोस्टरकडून हीच अपेक्षा ठेवा. त्याच चित्रपटाचा ऑफसेटवरचा कागद पुनर्प्रदर्शनाचा किंवा पुढे कधीतरी छापलेला असण्याची शक्यता दाट.
- रंगीत धूळ उडवल्यासारखे सुटे, विस्कळीत कण दिसले तर इंकजेट. नक्कल.
- अंधूक फुलं दिसतात आणि त्यांच्यावर पुन्हा बारीक कण किंवा सरळ रेघा, तर खऱ्या पोस्टरचं स्कॅन करून पुन्हा छापलेलं. हीच नक्कल सर्वांत जास्त फसवते, कारण नुसत्या डोळ्याला ठिपके ‘खरे’ वाटतात.

*घडीची रेघ.* खऱ्या घडीवर शाई तडकून कागदाचा पांढरा तंतू वर आलेला असतो. डोळे मिटून बोट फिरवलं तरी खरखर लागते. घडी दिसते पण बोटाला लागत नाही, अशी असेल तर तिच्यावर भिंग धरा. ती रेघच ठिपक्यांची बनलेली दिसली तर ती घडी नाही, दुसऱ्या कुठल्या कागदाच्या घडीचं छापलेलं चित्र आहे.

*मळ.* चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद सगळीकडे सारखाच तपकिरी असतो, मागूनही. वयाने पिवळा पडलेला कागद कडांना आणि घड्यांच्या रेघांवर गडद असतो आणि आत दडलेले भाग उजळ राहतात. कोकणातल्या माळ्याची आणखी एक खूण आहे. स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर चुलीचा धूर बसतो, पण तो फक्त वर उघड्या राहिलेल्या घडीवर. उलगडल्यावर आठांपैकी एकच चौकोन काजळलेला, बाकीचे स्वच्छ आणि कडांत जांभ्याची तांबडी धूळ असेल तर कागद खरोखर तिथे पडून होता. आठही चौकोनांवर सारखी काजळी असेल तर ती कोणीतरी लावली आहे.

*जांभळी टॉर्च.* अंधारात धरा. पन्नासच्या दशकापासून कागदात उजळपणा आणणारी रसायनं येत गेली आणि ती निळसर-पांढरी चमकतात. १९४९ चं म्हणून दिलेला कागद असा लखलखला तर तो त्या वेळचा नसण्याची शक्यता मोठी. ऐंशीच्या दशकातल्या कागदाबाबत मात्र चमक असो वा नसो, यावरून निर्णय घेऊ नका. नंतर केलेली डागडुजी आणि चिकटवलेले तुकडेही या उजेडात वेगळे दिसतात.

> पडताळा: एका खुणेवरून निर्णय नको. माप, समास, भिंग आणि घडी या चारांचं उत्तर एकच येत असेल तर पुढे जा. तीन जुळतात आणि एक नाही, तर त्या एकाचं कारण सापडेपर्यंत पैसे देऊ नका.

पोस्टरवर थिएटरची वेगळी पट्टी चिकटवलेली असेल, ‘आजपासून रोज ३ खेळ’ अशा मजकुराची, तर ती काढू नका. पुष्कळ संग्राहक पोस्टर स्वच्छ दिसावं म्हणून ती सोलतात. तो कागद कोकणात कुठल्या पडद्यासाठी लागला हे सांगणारी तीच एक वस्तू असते.

८. व्यवहार

फाटलेला, डागी कागद म्हणून भाव पाडून बोलू नका आणि परदेशातल्या लिलावाचे आकडेही सांगू नका. तुमच्या मते योग्य तो एक आकडा सांगा आणि का तेही सांगा: माप, अवस्था, कुठल्या वेळची छपाई. पैसे दिल्यावर वहीत लिहून घ्या: गाव, वाडी, घरात कुठे सापडलं, तारीख, किती पैसे. देणाऱ्याची सही घ्या. पुढे पोस्टर विकायचं किंवा संग्रहालयाला द्यायचं झालं तर हे पान उपयोगी पडतं. तुकड्यांत असलेलं दुर्मीळ काही हाती आलं आणि ते सांभाळणं झेपणारं नसेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा. १९६४ पासूनच्या त्या संग्रहात पोस्टर्सही आहेत.

पोस्टर विकत घेतलं म्हणजे त्याच्या प्रती छापून विकायचा हक्क मिळाला असं नाही, एवढंही ध्यानात असू द्या.

९. घरी आणताना

घडीतला कागद घडीतच आणा. बटर पेपर, दोन्ही बाजूंना पुठ्ठा, वरून सुती फीत, आणि सगळं झिप पिशवीत. उलगडलेला, लवचीक कागद गुंडाळायचाच असेल तर किमान चार इंच व्यासाच्या नळीवर बाहेरून गुंडाळा. नळीच्या आत कोंबलेला कागद काढताना कडा फाटतात.

गाडीच्या डिकीत ठेवून मधे जेवायला थांबू नका. मे महिन्यात बंद डिकी भट्टीसारखी तापते. एसटीत वरच्या कप्प्यात नको, मांडीवर घ्या. आंब्याच्या रिकाम्या पेटीत तर कधीच नको. पेंढ्यातून कीड सोबत येते.

१०. पहिले पंधरा दिवस वेगळं ठेवणं

नवा कागद जुन्या संग्रहाजवळ नेऊ नका. दुसऱ्या खोलीत, पिशवीत, पंधरा दिवस. पिशवीखाली पांढरा कागद ठेवा आणि आतही एक घाला. रोज बघा. भुकटी किंवा ताजे कण पडले तर कीड जिवंत आहे.

किडीवर घरगुती उपाय म्हणजे गोठवणं. कागद पुठ्ठ्यांमध्ये, एकात एक दोन पिशव्यांत हवा काढून बंद करा, उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका. थंड कागदावर हवेतलं पाणी लगेच बसतं, आणि ते पिशवीच्या बाहेरच बसायला हवं. मासळी ठेवता त्या फ्रीजरमध्ये नको, सुरमईचा वास कागदातून जन्मात निघत नाही. गोठवल्याने कीड मरते, बुरशी मरत नाही, फक्त थांबते. बुरशी कागद पूर्ण सुकल्यावर अंगणात मास्क लावून, मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडायची. दमा असलेल्याने हे काम करू नये.

कागद वाटेत भिजलाच तर ४८ तासांच्या आत सुकायला लागला पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. टिपकागद बदलत राहा, पंखा छताकडे तोंड करून लावा. जमत नसेल तर ओला तसाच पिशवीत घालून गोठवा आणि जाणकाराला विचारा. इस्त्री फिरवू नका.

११. कोकणातल्या घरात ठेवणं

कोरड्या हवेच्या ठिकाणी चालणारी पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही. मीटरवर आर्द्रता ४५ ते ५५ दिसली पाहिजे. ६५ च्या वर राहिली की बुरशीची वाट मोकळी होते, आणि इथे पावसाळ्यात खोलीचा मीटर महिनोन् महिने त्याच्या वर असतो. म्हणजे अख्खी खोली कोरडी ठेवण्यापेक्षा डबा कोरडा ठेवणं सोपं.

कडेला रबर असलेला, चपटा, हवाबंद प्लास्टिकचा मोठा डबा घ्या. तळाला पुठ्ठा, त्यावर प्रत्येक पोस्टर वेगळ्या बटर पेपरमध्ये. एका कोपऱ्यात कापडी पिशवीत अर्धा किलो नारिंगी सिलिका जेल आणि शेजारी मीटर. जेल कागदाला टेकू देऊ नका. डबा भरायचा दिवस जानेवारी-फेब्रुवारीतला कोरडा, फार तर एप्रिलचा. जुलैत भरलेला डबा आतली ओल आतच कोंडतो. मग बाहेर काढलेल्या कागदापेक्षा डब्यातला कागद आधी खराब होतो, आणि लोक दोष डब्याला देतात.

दर पंधरा दिवसांनी झाकण न उघडता मीटर वाचा. नारिंगी जेल हिरवं झालं की ते ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दोन-तीन तास तापवा, थंड होऊ द्या आणि परत घाला. मीटर ४० च्या खाली गेला तर जेल कमी करा, अति कोरड्या कागदाच्या घड्या तुटतात.

डबा ठेवायची जागा आतल्या भिंतीशी, जमिनीपासून वीतभर उंच लाकडी ठोकळ्यांवर, भिंतीपासून चार बोटं सुटा. पश्चिमेची जांभ्याची भिंत पावसात पाणी पिते, तिला काही टेकवू नका. लोखंडी कपाटाला पावसाळ्यात आतून घाम फुटतो, त्यात उघडा कागद नको. माळा तर नकोच. डांबराच्या गोळ्या आणि कापूर कागदाला चिकटून ठेवू नका. वेखंड घालायचंच असेल तर पुरचुंडी डब्याबाहेर, ठोकळ्यांजवळ.

लॅमिनेशन करू नका. ते उलट काढता येत नाही, आणि लॅमिनेट केलेलं पोस्टर जाणकार खरेदीदार हातात घेत नाही. भिंतीवर लावायचं असेल तर चांगली रंगीत प्रत काढून ती लावा. मूळच लावायचं असेल तर अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक, कागद आणि ॲक्रिलिक यांत किमान पाच मिलिमीटर पोकळी, फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, आणि मृग लागायच्या आत फ्रेम उतरवून पोस्टर परत डब्यात.